नऊ घरांची लाइन

मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावरचा फोन वाजला आणि तो उचलायला माझा हात पुढे जाईना. हात टेबलावरच होता, फोनपासून वीतभर अंतरावर, आणि दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तसा मी त्याच्याकडे बघत होतो. अकरा वर्षं मी या शहरात आहे, त्यातली चार या कचेरीत. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी फोन उचलतो. पाचव्या घंटेला समोरच्या टेबलावरच्या हेझलने टाइप करायचं थांबवलं. "सिग, चावत नाही तो," ती म्हणाली. मी हसलो, पण हात तिथेच. शेवटी ती उठून आली, रिसीव्हर कानाला लावला, हं हं केलं आणि ठेवून दिला. "कोर्टातून आपला माणूस बोलत होता. सरकारी वकिलाने नवी साक्षीदार उभी केलीय म्हणे. ओप्स्टाड नावाची कुणी म्हातारी." मग तिने विचारलं, "तुझ्या नात्यातली का रे?"

"आई आहे माझी," मी म्हणालो, आणि टोपी न घेताच जिना उतरलो.

कोर्टाची इमारत रस्त्याच्या पलीकडेच आहे, शंभर पावलंही नाहीत. पण त्या दिवशी ती पावलं संपता संपेनात. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. शेजारच्या नेब्रास्का राज्यातून आलेली धूळ तीन दिवस हवेत लटकलेली होती, आणि खाली गुरांच्या बाजाराचा वास, जो आम्हाला एरवी येत नाही, कारण तो वास म्हणजेच आमचं शहर. कोर्टाच्या वाळलेल्या हिरवळीवर बिनकामाची माणसं रोजच्यासारखी बसलेली होती. चार वर्षांपूर्वी मीही त्यांच्यातच बसायचो. मी ज्या बँकेत कारकून होतो तिचं दार एका सोमवारी उघडलंच नाही, आणि पुढचे सात महिने मी याच हिरवळीवर काढले. तिथून मला उचललं ते कमिशनर मिलार्ड प्रॅटने. शहराचे पोलीस आणि आगीचे बंब त्याच्या हाताखाली. "नॉर्वेजियन का तू? उत्तरेकडच्या वस्तीतला? तिथली मतं मला कधी मिळत नाहीत," तो म्हणाला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून मला टेबल, खुर्ची आणि फोन मिळाला. प्रॅटचं वाईट बोलायला माझी जीभ त्यानंतर कधी वळली नाही. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात, तसं मीही म्हणायचो. ते मीठ कुठून येतं, हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं. विडीकाडीच्या प्रत्येक दुकानात मागच्या बाजूला जुगाराचं यंत्र, आणि प्रत्येक यंत्रामागे हप्ता खाणारा एक पोलीस. ते काही गुपित नव्हतं. आमच्याकडे गुपित अशी गोष्टच नसते. असतं ते फक्त न बोललेलं.

खटला साधा होता. वसंतात राज्य सरकारची माणसं छापा घालायला येणार अशी कुणकुण लागली, तेव्हा शहर पोलिसांनी स्वतःच्या ट्रकमधून साठ यंत्रं गावाबाहेर नऊ मैलांवर नेली आणि एका गोठ्यात वाळल्या गवताखाली दडवली. गोठा गुनार हेल्गेसनचा. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. प्रॅट स्वतः तिथे उभा राहून ट्रक रिकामे करून घेत होता आणि गुनार दुधाच्या बादल्या हातात घेऊन बघत होता. प्रॅटला त्या गोठ्याशी जोडणारा बाहेरचा माणूस एवढाच. सोमवारी त्याची साक्ष होती. सोमवारी तो साक्षीदाराच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, काही आठवत नाही. ट्रक? गवताला पुष्कळ ट्रक येतात. सरकारी वकिलाने चार वेळा विचारलं. गुनारने चारी वेळा आपल्या बुटांकडे बघत तेच सांगितलं. गुनार हेल्गेसन, ज्याला तीस वर्षांपूर्वीच्या गायींची नावं वंशावळीसकट पाठ आहेत.

त्याला विसरायला लावलं ते मी. रविवारी दुपारी प्रॅटने मला कचेरीत बोलावून घेतलं होतं. कोट काढून, पाय टेबलावर टाकून तो पंख्याखाली बसला होता. "सिग, तुझ्या त्या गाववाल्याशी जरा बोल. धाक नाही घालायचा. तुमच्यातलाच एकजण म्हणून, दोन शब्द. आणि तुमच्या भाषेत बोल, म्हणजे मधे कुणाला काही कळायचं नाही." तो शहरात जन्मलेला माणूस. त्याच्या घरी फोन म्हणजे एक तार, एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला ज्याच्याशी बोलायचं तो. उत्तरेकडच्या वस्तीत एकाच तारेवर नऊ घरं आहेत आणि नऊच्या नऊ नॉर्वेजियन आहेत, हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. ते मला माहीत होतं. मी त्याच तारेखाली वाढलो होतो. मला ते सुचलं नाही असं मी रविवारपासून मंगळवारपर्यंत स्वतःला सांगत होतो. शहरात राहून माणूस विसरतो, असंही. गुनारला शिकवलेलं वाक्य मी स्वतःवरही वापरून बघत होतो म्हणायचं.

आमच्या लाइनवर एक घंटा वाजली की ती नऊ घरांत वाजते. गुनारची खूण दोन लांब, एक आखूड. आमची तीन आखूड. आपली खूण नसेल तर उचलायचा नाही, हा नियम कंपनीच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापलेला. आणि दुसऱ्याची घंटा वाजली की नऊही घरांत बायका पिठाचे हात पुसत भिंतीकडे जातात, हा रिवाज कुठेच छापलेला नाही. माझी आई, इंगेबोर्ग ओप्स्टाड, चर्चमधल्या बायकांच्या मंडळाची बावीस वर्षं चिटणीस. ती रिसीव्हर उचलताना तो अडकवायची कडी अंगठ्याने दाबून धरायची, खट् आवाज येऊ नये म्हणून, आणि बोलायच्या भोंग्यावर हातरुमाल घालायची, आपला श्वास पलीकडे जाऊ नये म्हणून. लहानपणी मी एकदा विचारलं, कुणाचा फोन आहे गं? ती म्हणाली, कुणाचा नाही, लाइन चालू आहे का बघतेय. पाद्री वर्षातून एकदा या पापावर प्रवचन द्यायचे, आणि माना खाली घालून ऐकणाऱ्या बायकांत त्यांची स्वतःची बायको पहिल्या बाकावर असायची. प्रत्येक उचललेला रिसीव्हर तारेतला थोडा थोडा जोर खातो. चार बायका ऐकू लागल्या की बोलणाऱ्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो. डॉक्टरांना फोन करताना लोकांना ओरडावं लागायचं. तरी कुणी कधी "ठेवा गं फोन" असं म्हटलं नाही, कारण ते म्हणायचं तर बाकीच्या ऐकताहेत हे कबूल करावं लागतं, आणि ते कबूल केलं की उद्या आपल्यालाही करावं लागतं. झाकली मूठ नऊ घरांची.

पण त्याच तारेने आम्हाला जगवलं, हेही मला सांगायला हवं, कारण त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. वडिलांच्या छातीत कळ आली ते पेरणीचे दिवस होते. आईने डॉक्टरांना फोन लावला, आवाज न वाढवता तीन वाक्यं बोलली. डॉक्टर यायला दोन तास लागले. गुनार वीस मिनिटांत आला, पाठोपाठ त्याची बायको भांडंभर गरम रस्सा घेऊन. कसं कळलं, असं आईने विचारलं नाही. "इकडून चाललो होतो," गुनार म्हणाला. आमच्या घरावरून पुढे कुठे जाताच येत नाही, रस्ता आमच्या अंगणात संपतो. वडील गेले. त्या वसंतात आमची चाळीस एकरं गुनारने नांगरली, आपली नांगरून झाल्यावर, आणि मी तेव्हा तेरा वर्षांचा, त्याच्या घोड्यांच्या मागून ढेकळं तुडवत चालायचो. त्या माणसाला मी रविवारी दुपारी फोन लावला. दोन लांब, एक आखूड. चर्चहून सगळे परतले असतील, बटाटे उकळत असतील, हे मला ठाऊक होतं.

"गुनार, मी कोण ते विचारू नकोस," मी आमच्या भाषेत म्हणालो. त्याने विचारलं नाही. तो म्हणाला, "बोल." मी म्हणालो, उद्या कोर्टात माणसाला सगळंच आठवलं पाहिजे असं नाही. तारेवर खरखर होती, आणि आवाज बारीक होत चालला होता. कुठेतरी एक मूल रडायला लागलं आणि लगेच दबलं. आणि मग मला घड्याळ ऐकू आलं. आमच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ लंगडं आहे. एक ठोका जवळ, एक लांब. वडिलांनी ते कधी दुरुस्त केलं नाही, आईनेही नाही. फोन त्याच्याच शेजारी भिंतीवर आहे. हातरुमाल श्वास झाकतो, घड्याळ झाकत नाही. माझ्या कानात ते टिक, टिकटिक, टिक चालू झालं, आणि टेबलापलीकडे प्रॅट सिगारची राख झाडत माझ्याकडे बघून मान डोलावत होता.

कोर्टाच्या मजल्यावर गर्दी होती. हवालदार ओळखीचा, त्याने मला मागच्या भिंतीपाशी उभं राहू दिलं. सज्ज्यात उत्तरेकडच्या वस्तीतल्या बायका बसल्या होत्या, सगळ्या रविवारच्या टोप्या घालून. गुनार एका टोकाला, डोकं खाली. आई साक्षीदाराच्या खुर्चीत होती. दुधाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आली होती, हे मला नंतर कळलं. काळा पोशाख, मांडीवर एक मोठी कापडी पिशवी. सदुसष्ट वर्षांची बाई, मला वाटलं होतं त्याहून लहान दिसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती. होती ती लाज. कान लाल झाले होते. मला एकदम कळलं, ती आता काय सांगणार आहे ते नव्हे, तर काय आधीच सांगून बसली आहे ते. ती ऐकते, हे तिने भर कोर्टात कबूल केलं होतं. सव्वीस वर्षांत नऊ घरांतल्या एकाही बाईने जे केलं नव्हतं ते.

प्रॅटचा वकील फेनविक उभा होता. उंच, गोड बोलणारा माणूस. "मिसेस ओप्स्टाड, तो फोन तुमच्यासाठी होता का?"

"नाही."

"मग तुम्ही चोरून ऐकलंत."

"हो."

"तुम्ही चर्चच्या मंडळाच्या चिटणीस ना? पापच की हे."

"पापच आहे," आई म्हणाली. "सव्वीस वर्षं करतेय. मंडळाला कालच चिठ्ठी दिली, दुसरी चिटणीस बघा म्हणून."

कुणीतरी हसलं. सज्ज्यातून नव्हे. फेनविकने त्या हसण्याच्या दिशेने जरा मान झुकवली आणि सज्ज्याकडे हात केला. "आणि या सगळ्या? याही ऐकत होत्या?" टोप्यांमध्ये कुणी हललं नाही. सोळा डोळे आईच्या तोंडाला चिकटले. ती हो म्हणाली असती तर नऊ घरांत पुन्हा कुणी तिच्याशी बोललं नसतं. नाही म्हणाली असती तर खोटं ठरलं असतं.

"मी माझं सांगायला आलेय," आई म्हणाली. "त्यांना तोंडं आहेत."

मला ती तेव्हा फार आवडली. आई आवडणं वेगळं, ते असतंच. हे वेगळं होतं. एखादा अनोळखी माणूस रस्त्यात उधळलेल्या घोड्यापुढे उभा राहिला तर तो आवडेल, तसं. चार वर्षं मी अशा माणसांत बसत होतो ज्यांना दुसऱ्याबद्दल सगळं ठाऊक असतं आणि स्वतःबद्दल विचारलं की आठवत नाही. आणि ही बाई स्वतःपुरतं, अगदी कडेपर्यंत, सांगत होती, आणि कडेला थांबत होती.

मग सरकारी वकील उठला. तरुण होता, घाईत होता. फोनवर काय बोलणं झालं ते तिने सांगितलंच होतं. गवत वाळलंय, अशात गोठे पेटतात, आणि बंबांना नऊ मैल यायला वेळ लागतो, ही गुनारला दिलेली धमकी शब्दाला शब्द. आता त्याला एकच हवं होतं. "बोलणारा कोण होता, मिसेस ओप्स्टाड? आवाज ओळखलात?"

"ओळखला."

"कुणाचा?"

आईने पिशवीचे बंद हातात घेतले. समोर बघत होती. मी मागे आहे हे तिला दिसलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. "ते मी नाही सांगणार."

"घाबरू नका, इथे कुणी—"

"घाबरत नाही. मी केलं ते मी सांगितलं. त्याने केलं ते त्याने सांगावं. मोठा माणूस आहे तो. त्याच्या तोंडातलं मी काढून घेतलं तर त्याच्याजवळ काय राहील?"

फेनविक लगेच उभा राहिला. नाव नाही म्हणजे सगळीच बनवाबनवी, म्हातारीला कंटाळा आला असेल आणि तिने गोष्ट रचली असेल, असं तो न्यायाधीशांना फार आदराने सांगू लागला. प्रॅटने पाठ खुर्चीला टेकली. चार वर्षांत मला त्याची ती पाठ चांगली ओळखीची झालेली. काम झालं की ती अशी टेकते. न्यायाधीशांनी चष्मा काढला. वाईट माणूस नव्हता तो. "बाई, कायदा तुम्हाला नाव सांगायला लावतो. नाही सांगितलंत तर कोर्टाचा अवमान होतो. मला तुम्हाला तुरुंगात पाठवावं लागेल, नाव सांगेपर्यंत. समजलं का?"

"समजलं," आई म्हणाली, आणि उठली. खुर्चीच्या पायरीवरून उतरताना पिशवी कठड्याला अडकून तोंडाशी उघडली, आणि आत मला तिचा फ्लॅनेलचा रात्रीचा झगा दिसला, घडी घातलेला, त्यावर फणी, लोकरीचा गोळा आणि सुया. वाचायचा चष्मा. गुडघ्यांना लावायच्या मलमाची बाटली. ती इथे मला पकडून द्यायला आली असेल असं मला मघापासून वाटत होतं. कोर्टाच्या पायऱ्या चढताना तर, खोटं कशाला सांगू, मी तिचा रागच करत होतो. आणि ती घरून तुरुंगाची तयारी करून निघाली होती. कोंबड्या कुणाच्या तरी हवाली केल्या असतील, चुलीतला विस्तव विझवला असेल, मलम आठवणीने घेतलं असेल. मला वाचवायला नव्हे, मला ठाऊक होतं. वाचवायचं असतं तर तिने तोंड उघडलंच नसतं, बाकीच्या आठ जणींसारखं. गुनारचं खरं तिला सोडायचं नव्हतं आणि माझं खरं तिला चोरायचं नव्हतं, आणि या दोन्हींच्या मधे जेवढी जागा होती, तुरुंगाच्या खोलीएवढी, तिथे राहायला ती पिशवी भरून आली होती. तिथे किती दिवस, हे आता माझ्यावर होतं.

"तिथे विणायपुरता उजेड असतो का?" ती हवालदाराला विचारत होती.

मी पुढे कसा गेलो ते आठवत नाही. हे मात्र खरंच आठवत नाही. बाकांमधल्या वाटेत माझेच बूट वाजत होते एवढं कळत होतं. "आवाज माझा होता," मी म्हणालो. फार मोठ्याने नाही, पण सज्ज्यापर्यंत ऐकू गेलं. "सिगुर्ड ओप्स्टाड. कमिशनर प्रॅटच्या कचेरीत कारकून. रविवारचा फोन मी केला. त्यांच्या समोर बसून, त्यांच्या सांगण्यावरून."

प्रॅटने मागे वळून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. हिरवळीवर मला पहिल्यांदा बघितलं तसं बघितलं, की हा कोण. मला शपथ देऊन आईने सोडलेल्या खुर्चीत बसवलं. आईला हवालदाराने पुढच्याच बाकावर जागा दिली. गुनारने डोकं वर केलं होतं. सरकारी वकिलाचे प्रश्न सोपे होते. माझ्या नोकरीची, बहुधा स्वातंत्र्याचीही, एकेक वीट मी मुकाट्याने काढून देत गेलो. मग फेनविक आला, गोड हसत.

"मिस्टर ओप्स्टाड, तुम्ही त्याच वस्तीत वाढलात. त्या लाइनवर लोक ऐकतात हे तुम्हाला ठाऊक असणारच. मग धमकी द्यायला कोण शहाणा माणूस असा फोन वापरेल? तुम्ही धमकी दिलीच नाहीत. शेजारी म्हणून काळजीचे दोन शब्द बोललात. बरोबर? की कुणी ऐकतंय हे तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

दोन्हीकडे त्याने दार उघडं ठेवलं होतं, आणि दोन्ही दारं बरी होती. एकातून मी भला माणूस म्हणून बाहेर पडत होतो, दुसऱ्यातून मूर्ख म्हणून. दोन दिवस मी त्या दुसऱ्या दारातच बसलो होतो. आई माझ्याकडे बघत होती, पिशवी मांडीवर, मान जराशी उजवीकडे, ज्या कानाने तिला जास्त ऐकू येतं तो माझ्याकडे.

"लक्षात आलं होतं," मी म्हणालो. "आमच्या घरचं घड्याळ ऐकू येत होतं. आई ऐकतेय हे मला कळलं. गोठा पेटण्याचं मी तोपर्यंत बोललो नव्हतो. ते मी त्यानंतर बोललो."

फेनविक म्हणाला, आणखी प्रश्न नाहीत. मी आईकडे बघितलं. तिने हळूच होकाराची मान हलवली. घड्याळ आधी आणि धमकी नंतर, हा क्रम तिला माहीतच होता. तो तिने मघाशी साक्षीत सांगितला नव्हता, एवढंच.